अंगभर कपडे आणि बाईचा मान: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. पोरींच्या कपड्यांवर गावात बैठका घेऊ नका, एवढंच मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की अंगभर कपडे घालणाऱ्या बाईला गावात आपोआप मान मिळतो, पदर गेला की बाईची किंमत गेली, आणि माझ्यासारख्या शिकलेल्या बाया पोरींना जीन्सची फूस लावतात.

आधी फुशीचं बघू. मी स्वतः साडीच नेसते आणि लांब बाह्यांशिवाय ब्लाऊज शिवत नाही. मला तेच बरं वाटतं. शहरातल्या बहिणी मला काकूबाई म्हणतात. त्यांच्याशीही माझं याच विषयावर वाजतं, कारण अंग झाकलं म्हणजे मन दबलं हे त्यांचं गणित मला तुमच्या गणिताइतकंच कच्चं वाटतं.

आता मान. दिवाळीनंतर कोणत्याही सकाळी धुऱ्यावर उभे राहा आणि कापूस वेचणाऱ्या बाया बघा. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. कमरेला झोळी. यापेक्षा अंगभर कपडे अख्ख्या तालुक्यात कोणाचे असतील? बोंडाची टोकं बोचतात, ऊन भाजतं, म्हणून घातलेले कपडे आहेत ते. (उन्हात बाप्येही दुपट्टा बांधतात, त्यांना कोणी संस्कारी म्हणत नाही.) तुमच्या हिशेबानं गावात सगळ्यात जास्त मान या बायांना असायला पाहिजे. पण संध्याकाळी वेचलेला कापूस मोजताना काटा मालकाच्या हातात असतो आणि बाई आकडा विचारतानाही दबकत विचारते. निंदणाचा रोज बाईला कमी, माणसाला जास्त. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, तो आपल्या शिवारापर्यंत आलाच नाही. तिच्या स्वतःच्या घरचं वावर असलं तरी सातबाऱ्यावर बहुतेक वेळा तिचं नाव नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नव्वदीच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, की घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. काहींनी केलीही. बाकीच्या घरी पदर डोक्यावरच राहिला आणि सातबारा नवऱ्याच्या नावे राहिला.

म्हणून मला कपड्याच्या लांबीपेक्षा तो ठरवतं कोण, याची काळजी जास्त वाटते. आमच्या इथल्या टेलरच्या दुकानात एकदा एक नवी सून ब्लाऊजचं माप द्यायला आली होती. टेलरनं टेप तिच्या पाठीवर धरला आणि मान वळवून सासूला विचारलं, "मागचा गळा किती ठेवू?" सासू म्हणाली, "चार बोटं. जास्त नोको." सून टेपकडे बघत उभी होती. कदाचित तिलाही चार बोटंच हवी असतील. तिला कोणी विचारलं नाही. अशा शेकडो गोष्टींत कोणी विचारत नाही, तेव्हा बाईलाच हळूहळू वाटायला लागतं की आपल्याला विचारण्यासारखं काही नसतंच. आज तीच सून जीन्स घालून आली असती आणि जीन्स नवऱ्यानं ठरवली असती, तरी मी हेच लिहिलं असतं.

कपड्यांची एवढीच चिंता असेल तर एक विषय सुचवते, यावर खुशाल बैठक घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हा हातमोजे, मास्क, अंग झाकणारे कपडे यांवर खूप बोललं गेलं. पण फवारणीचं पाणी भरून देणारी बाई आणि औषधानं भिजलेला तो शर्ट संध्याकाळी उघड्या हातांनी धुणारी बाई त्या बोलण्यात फारशी कुठे नव्हती. तिच्या हातातल्या मोज्यांसाठी कोणी आग्रह धरलेला मी तरी पाहिला नाही.

"हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे," असंही तुम्ही लिहिलंत. बाहेरून कशाला, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच पुरुषांना खडसावून विचारलं होतं, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? नऊवारीतल्या बाईनं विचारलेला प्रश्न आहे तो.

राहिलं तुमचं शेवटचं म्हणणं, "लेख काढून टाका." लेख राहील. तुमची प्रतिक्रियाही राहील, असहमती मला चालते. फक्त गावातल्या अंगणवाडीताईच्या गाऊनबद्दलचं तुमचं वाक्य मी काढलं आहे. तिचा या वादाशी संबंध नाही, आणि कोण आहे ते गावात कोणालाही ओळखता आलं असतं.