“व्यायामाने कॅन्सर पसरतो” हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहितेय

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला सहज मावशीला फोन केला तर ती घरीच. एरवी शनिवारी या वेळेला ती आमराई बागेत असते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग किमो, मग रेडिएशन हे सगळं संपून तिला दीड वर्ष झालं. सांगलीतल्या सात-आठ जणी, सगळ्या असल्याच आजारातून उठलेल्या, आठवड्यातून तीनदा एकत्र चालतात आणि मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्याकडून हाताचे व्यायाम करून घेते, त्यात मावशी आठ महिने न चुकता जातेय. “का गं, आज गेली नाहीस?” तर म्हणाली, “तो मेसेज नाही वाचलास होय? नको बाई आता. उगाच परत उलटलं म्हणजे?”

मेसेज आमच्याच घरच्या ग्रुपवर आला होता, मामांनी टाकलेला. “कॅन्सर झालेल्यांनी व्यायाम करू नये, हॉस्पिटलवाले हे सांगत नाहीत”, खाली पाच मुद्दे, लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा डोकं तापलं.

पहिला मुद्दा: व्यायामाने रक्ताभिसरण वाढतं आणि लपून बसलेल्या कॅन्सरच्या पेशी अंगभर पसरतात. अहो, रक्त झोपेतसुद्धा फिरतंच ना! माणूस नुसता पडून असला तरी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. पेशीला जायचंच असेल तर ती आमराईतल्या फेऱ्यांची वाट बघत बसणार आहे का? जिना चढल्यावर, ताप आल्यावर, पोराशी भांडल्यावरही नाडी वाढते, मग तेही बंद करायचं?

बरं, तर्क बाजूला ठेवू, हे माणसांवर तपासून झालंय. ‘चॅलेंज’ नावाचा अभ्यास, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातला, २००९ साली सुरू झाला आणि २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झालेले ८८९ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, दुसऱ्याला त्याशिवाय तीन वर्षं माणूस मागे लागून व्यायाम करायला लावला, तोही काय तर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास जोरात चालण्याइतका. पाच वर्षांनी आजार न उलटता जगत असलेले व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, पुस्तिकावाल्यांत ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असलेले ९०.३ आणि ८३.२. हा आतड्याचा कॅन्सर आहे, मावशीचा स्तनाचा, तेव्हा तेच आकडे तिला लावता येणार नाहीत, कबूल. पण चालण्याने कॅन्सर पसरत असता तर चालणाऱ्यांमध्ये तो जास्त उलटायला हवा होता ना, तो कमी उलटला. आणि हो, व्यायामवाल्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५. तेवढं त्या मेसेजवाल्याच्या पदरात टाकते.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण त्याचे परिणाम मी डोळ्यांनी बघितलेत. “ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या त्या हाताने जन्मभर जड उचलू नये, हात सुजतो.” मावशीला ऑपरेशननंतर नातेवाइकांनी हेच सांगितलं होतं, आणि तिने इतकं मनावर घेतलं की तो हात पोटाशी धरूनच घरात वावरायची. चार महिन्यांत खांदा असा आखडला की वेणी घालता येईना, ब्लाउज मागून घालता येईना, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला सुनेला हाक मारायची. मग त्या फिजिओ मुलीने तिला भिंतीसमोर उभं केलं, बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायला लावली आणि जिथे हात थांबला तिथे पेन्सिलने रेघ मारली. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी त्या रेघा अजून आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. पहिली मावशीच्या खांद्याच्या जरा वर, शेवटची माझा हात पोचतो त्याच्याही वर. हे आठ महिने हात पोटाशी धरून झालं नसतं.

सुजेची भीती खोटी नाही. गाठी काढल्यावर काही बायकांचा हात खरंच सुजतो, त्याला लिम्फेडेमा म्हणतात आणि तो त्रासदायक असतो. पण त्यावर हात न वापरणं हा उपाय नाही. २००९ मध्येच अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवरचा अभ्यास छापून आला होता. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, तीही हॉस्पिटलात नाही तर वस्तीतल्या साध्या व्यायामशाळांत, सुरुवातीचे तीन महिने ट्रेनर समोर उभा, हातावर घट्ट स्लीव्ह (सूज दाबून धरणारी बाही), वजन अगदी थोडं आणि हळूहळू वाढवत. वर्षभरात सूज आणखी वाढण्याचा त्रास उचलणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना झाला, न उचलणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेंझी या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना घेऊन लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवून दाखवली होती, हीच समजूत तपासायला. म्हणजे जी भीती तिकडे तीस वर्षांपूर्वी तपासायला घेतली ती आमच्या ग्रुपवर आज नवीन म्हणून येतेय.

तिसरा मुद्दा: “अशक्तपणात शक्ती वाचवावी.” ऑपरेशननंतरचे दिवस, तापाचे दिवस, किमोचे वाईट दिवस, तेव्हा आराम हवाच. पण महिनोन्महिने टिकणारा किमोचा थकवा झोपून जात नाही, उलट पडून राहिलं की स्नायू अजून झडतात आणि न्हाणीघरापर्यंत जायचाही दम लागतो. थोडं थोडं चालल्याने तो बऱ्याचदा कमी होतो.

चौथ्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. “चारचौघांत जाऊ नये, इन्फेक्शन होतं.” किमो चालू असताना पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर गर्दी टाळायचीच. कॅन्सर हाडांत गेला असेल तर जड उचलणं, कंबर पिळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. किमोने तळपाय बधिर झाले असतील तर चप्पल पायातून कधी सुटली ते कळत नाही, तेव्हा बूट घाला, सपाट रस्त्यावर चाला. पण हे सगळं डॉक्टरांना विचारून सांभाळून करायचं असतं, त्यावरून दीड वर्षापूर्वी ट्रीटमेंट संपलेल्या बाईला घरात कोंडायचं नसतं. त्या चालणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्येच मावशीला कळलं की स्लीव्ह कुठे मापाने मिळते, नखं काळी पडली होती ती पुन्हा नीट येतात. घरात ती आमच्यापुढे रडत नाही, तिथे रडते.

पाचवा मुद्दा काढ्याचा आणि खाली ऑर्डरसाठी मोबाइल नंबर. त्यावर काय लिहू!

मी मावशीला म्हटलं, सोमवारी चेकअप आहेच, डॉक्टरांनाच विचार. तिने विचारलं. ते म्हणाले चालायचं, हातही चालवायचा, सूज वाटली तर दाखवायला यायचं. बुधवारी ती गेली. आणि मामा, तुम्ही तो मेसेज आपल्या ग्रुपवरून काढलात, बरं केलंत, पण तुमच्या शाळेच्या मित्रांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलाय असं मामीने सांगितलं. तिथेही कुणाची तरी बायको, बहीण असेल. हे तिकडे पाठवा, आजच.