वर निळं आकाश आहे म्हणून कॅन्यनमध्ये शिरू नका

परवा रात्री नाशिकहून आतेभावाचा मेसेज आला. ऑगस्टमध्ये दादा, वहिनी आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आमच्याकडे फिनिक्सला येणार आहेत. इथून गाडीने ॲरिझोनातलं पेज गाव, यूटातलं झायन राष्ट्रीय उद्यान आणि मोआब गाव असा दौरा करायचा त्यांचा विचार आहे. सोबत एक फॉरवर्ड होता : 'यूटा-ॲरिझोनातले कॅन्यन ट्रेल कसे निवडाल? एजंट सांगत नाहीत त्या सात गोष्टी.' आणि खाली दादाची ओळ : 'गाइडचे पैसे वाचवू. आकाश मोकळं बघून आत शिरू.'

हा फॉरवर्ड मला आधी तीन ग्रुपवर दिसला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता तो माझ्या घरात आलाय, तेव्हा गप्प बसणार नाही.

दादा कच्चा ट्रेकर नाही. अलंग-मदन-कुलंग केलेला माणूस आहे. त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण फॉरवर्डवाल्याने नेमकं त्याच आत्मविश्वासाला चुचकारलंय. 'सह्याद्री केलेल्यांना हे ट्रेल म्हणजे बागेतली फेरी,' असं त्यात लिहिलंय.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण त्याने माणसं मरतात. तो असा : 'अँटिलोप कॅन्यनला गाइडची सक्ती म्हणजे पैसे उकळण्याचा प्रकार. आसपास असे शेकडो अरुंद कॅन्यन फुकट आहेत. डोक्यावर आकाश निळं असेल तर बिनधास्त आत जा.'

१२ ऑगस्ट १९९७. पेजजवळचं लोअर अँटिलोप कॅन्यन. आत पर्यटक होते आणि त्या जागी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ कोसळलं होतं कित्येक मैल वरच्या अंगाला. तिथलं पाणी त्या अरुंद घळीतून आलं आणि अकरा पर्यटक गेले. ज्या सक्तीला हा माणूस पैसे उकळणं म्हणतो, तिच्यामागे ही दुर्घटना आहे. आणि ती जमीन नवाहो या इथल्या मूळनिवासी लोकांची आहे. त्यांच्या जमिनीवर परवान्याशिवाय शिरणं बेकायदा आहे, 'बिनधास्त आत जा' म्हणणाऱ्याने तेही सांगितलेलं नाही.

हे कसं होतं ते दादाला फोनवर समजावलं, तेच इथे लिहिते. आपल्याकडे पाऊस पडला की माती पाणी पिते, झाडं अडवतात. इथे मैलोन्मैल उघडा वालुकाश्म आहे, त्यावर पडलेलं पाणी थेट घसरत निघतं. त्या सगळ्या पसाऱ्याचा उतार एका फटीकडे असतो, आणि ती फट काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. त्या फटीत उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची एक पट्टी दिसते. तेवढ्या पट्टीवरून दहा-पंधरा मैलांवरचं हवामान कसं कळणार? यूटातल्या बकस्किन गल्चमध्ये भिंतींच्या मध्ये अडकलेले झाडांचे ओंडके दिसतात, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. ते तिथे पुरानेच नेऊन ठेवलेत.

'अगं, पण सांधण दरी मी दोनदा उतरलोय,' दादा म्हणाला. मी विचारलं, 'पावसाळ्यात उतरला होतास का?' नाही. पावसाळ्यात सांधणला कुणी शहाणा माणूस उतरत नाही. मग इथल्या पावसाळ्यात का उतरायचं? कारण इथेही पावसाळा असतो, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ॲरिझोना आणि दक्षिण यूटात दुपारी ढग जमतात आणि एखाद्याच डोंगरावर तासभर कोसळून जातात. इथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. सकाळी स्वच्छ ऊन असतं, आणि ऑगस्ट महिना त्याच्या ऐन मध्यात येतो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. उभं राहायला जागा होती तिथे काही क्षणांत काही उरलं नाही. तिथे निदान पाऊस डोळ्यांसमोर पडत होता.

एवढ्यानेही पटत नसेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसची नोंद सांगते. १४ सप्टेंबर २०१५ला झायनच्या कीहोल या दोराने उतरायच्या अरुंद कॅन्यनमध्ये सात जणांचा गट उतरला आणि सातही जण पुरात गेले. पुराचा इशारा त्या दिवशी होता. त्याच दुपारी तिथल्या व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्यात ५५ क्युसेक पाणी होतं, ते १५ मिनिटांत २,६३० क्युसेक झालं. खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा आकडा लहान वाटेल. पण १५ मिनिटांत जवळपास अठ्ठेचाळीस पट, आणि तेही नदीच्या पात्रात. कीहोल हे त्या नदीपुढे बोळकांडं आहे. १५ मिनिटांत तुम्ही दोरावरून एक टप्पासुद्धा उतरत नाही.

म्हणून आत जायच्या दिवशी सकाळी राष्ट्रीय हवामान सेवेचा पुराचा अंदाज बघायचा. इथल्या उद्यानांसाठी तो रोज चार पायऱ्यांत देतात. आणि फक्त आपल्या जागेचा न बघता पाणी जिथून येतं त्या वरच्या अंगाचाही बघायचा. शंका असेल तर त्या दिवशी कॅन्यनच्या काठावरूनच फिरायचं.

गाइडच्या त्या तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते कबूल करते. अँटिलोपला गर्दी फार असते, गाइड रेंगाळू देत नाहीत आणि तीन माणसांचे पैसे रुपयांत मोजले तर पोटात गोळा येतो. बकस्किन गल्चकडे नेणाऱ्या वायर पास या घळीसारख्या जागी गाइडशिवाय जाता येतं आणि ती जागा सुंदर आहे. पण तिथेही परवाना लागतो, आणि तिथे नेणारा हाउस रॉक व्हॅलीचा कच्चा रस्ता पावसानंतर गाडी गिळतो.

त्यावरून गाडीचा मुद्दा. 'भाड्याची कुठलीही ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घ्या, व्हाइट रिमसकट सगळे ऑफ-रोड ट्रेल होतात.' नाही होत. मोआबजवळच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम हा १०० मैलांचा कच्चा रस्ता आहे. त्याला जमिनीपासून उंच आणि लो रेंज, म्हणजे हळू पण जादा जोराचा, गिअर असलेली खरी फोर बाय फोर लागते. ऑल-व्हील ड्राइव्ह चालत नाही, हे उद्यानाने स्पष्ट लिहिलंय. दिवसभरासाठी गेलात तरी परवाना लागतो. आत अडकलात तर गाडी ओढून आणायला साधारण १,००० डॉलरच्या वर जातात, हेही उद्यानच सांगतं. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा डांबरी रस्ता सोडायला मनाई असते. म्हणजे विमा गेला, सगळा खर्च तुमचा. शिवाय या भागातल्या कित्येक कच्च्या रस्त्यांवर फुगणारी चिकणमाती आहे, आपल्या काळ्या रानात असते त्याच जातीची. भर पावसात काळ्या रानात जीप घालून पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

पाचवा मुद्दा ग्रँड कॅन्यनचा : 'खाली नदीपर्यंत जाऊन संध्याकाळी वर.' इथे सह्याद्रीचा हिशोब उलटा होतो. गडावर आधी चढ असतो आणि दमलात तर मागे फिरणं म्हणजे उतरणं. इथे सकाळच्या गारव्यात पाय आपोआप खाली धावतात आणि सुमारे १,३०० मीटरचा चढ दुपारी, भाजलेल्या खडकातून, रिकाम्या बाटल्यांनिशी समोर येतो. उन्हाळ्यात तळाशी पारा ४३ अंशांच्या वर जातो. नदीला जाऊन त्याच दिवशी परतू नका आणि सकाळी १० ते दुपारी ४ चढू नका, असं उद्यान आधीच सांगतं.

'ट्रेल लांबीवरून निवडा, आठ मैलांच्या आत असेल तर एक बाटली पुरे.' कॅन्यनलँड्समधला सिंक्लाइन लूप आठ मैलांच्या थोडाच वर आहे आणि त्या उद्यानात सगळ्यात जास्त लोकांना तिथूनच सोडवून आणावं लागतं. जुलै २०२४मध्ये तिथे एक बाप आणि त्याची तरुण मुलगी वाट चुकली, पाणी संपलं, आणि मदत पोचेपर्यंत दोघंही गेली होती. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. नुसतं पाणी ढोसूनही रक्तातलं मीठ उतरतं, म्हणून सोबत खारे शेंगदाणे, चिवडा, मीठ-साखरेचं सरबत हवंच.

'वाळवंटात काही उगवत नाही, वाट सोडून कुठूनही चाला.' वाळूवरचा तो काळपट, खडबडीत थर जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणूंनी वाळू बांधून तो तयार केलाय. एक बूट पडला तर भरून यायला दशकं लागतात.

उरलेल्या दोन्ही गोष्टी, पहाटे लवकर निघा आणि नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, बरोबर आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही.

दादाची तिकिटं ऑगस्टचीच राहणार आहेत, सुट्टी तेव्हाच मिळते. म्हणून काल रात्री फोनवर बेत बदलला. मोआबजवळची डेलिकेट आर्च ही दगडी कमान उजाडता उजाडता, कारण तीन मैलांच्या त्या वाटेवर सावली कुठेच नाही. कॅन्यनलँड्समधल्या शेफर ट्रेल या कच्च्या घाटरस्त्याची वळणं वरच्या कठड्यावरून बघायची. ग्रँड कॅन्यनला काठावरून, आणि खाली उतरलोच तर नऊच्या आत परत वर. अँटिलोपला नवाहो गाइडबरोबर सकाळची पहिली फेरी. त्याने त्या दिवशी फेरी रद्द केली तर हुज्जत न घालता मागे फिरायचं, हे दादाने मुलाला माझ्यासमोर फोनवरच सांगितलं.