ऐ-खानुममधला कृष्ण: नाणी खरी, देऊळ नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘अफगाणिस्तानातलं ऐ-खानुम हे ग्रीक शहर अलेक्झांडरने वसवलं. तिथे कृष्णाचं मंदिर होतं, सगळं शहर हिंदू झालं होतं. कृष्णाची नाणी सापडली, ती पाश्चात्त्यांनी दडपली.’ सोबत चौकोनी नाण्याचा फोटो.

नाणं अस्सल आहे, हे आधीच सांगतो. त्या भागातला ग्रीक राजा अगाथोक्लिस याचं, चांदीचं, इ.स.पू. 190–180च्या सुमाराचं. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम, नि ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला शंख-चक्रधारी वासुदेव, म्हणजे कृष्ण, आणि ब्राह्मीत ‘राजने अगथुक्लयस’. पाहून कुणीही हरखेल.

पण दडपली कुणी? 1970 मध्ये ती फ्रेंच पथकाने खणून काढली आणि तीन-चार वर्षांत छापलीही त्यांनीच.

शिवाय ती सापडली राजवाड्यात, देवळात नव्हे. अशी नाणी सहा, आणि त्यांच्याबरोबर भारतीय आहत (ठसे मारलेली) नाणी तब्बल 677. अगाथोक्लिसने ही नाणी भारतीय वजनाने पाडली, म्हणजे हिंदुकुशाच्या दक्षिणेकडच्या प्रजेच्या हाती खेळावीत म्हणून. तेवढ्यावरून तो हिंदू ठरत असेल, तर झ्यूस, म्हणजे ग्रीकांचा वज्रधारी देवराज, असलेल्या त्याच्याच नाण्यांचं काय करायचं?

मग देवळात काय होतं? मुख्य देऊळ धड ग्रीक वळणाचंसुद्धा नाही. कच्च्या विटांच्या जाड भिंती, त्यांना बाहेरून एकात एक कोनाडे, ही तऱ्हा मेसोपोटेमियाकडची. आतल्या भव्य मूर्तीचा संगमरवरी पाय हाती लागलाय. त्याच्या चपलेवर वज्र कोरलंय, म्हणून ती मूर्ती बहुधा झ्यूसची मानतात. (‘वज्र म्हणजे इंद्रच’ हा पुढचा फॉरवर्ड असणार.) याच देवळात चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं तबक मिळालं. त्यावर सिंहांच्या रथात सिबेली ही आशिया मायनरकडची मातृदेवी, वर सूर्य आणि चंद्रकोर. कृष्ण कुठेही नाही.

अलेक्झांडरचं म्हणाल, तर त्याने हे शहर वसवल्याचा पुरावा नाही. ते आकाराला आलं त्याचा सेनापती सेल्यूकस याच्या घराण्याच्या काळात.

ग्रीक वासुदेवभक्त हवाच असेल तर विदिशाजवळ बेसनगरला जा. तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस तिथल्या गरुडस्तंभावर स्वतःला ‘भागवत’ म्हणवतो. आणि या जोडदेवांसाठी अफगाणिस्तान कशाला, आपला नाणेघाट आहेच. तिथल्या सातवाहनांच्या लेखात सुरुवातीच्या नमनातच दोघं आहेत, आधी संकर्षण, मग वासुदेव.