नाक्यावरच्या पोरांबद्दलचा तो मेसेज

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला सात ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, आणि कहर म्हणजे आमच्या कबड्डी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा, जिथली निम्मी पोरं स्वतःच नाक्यावर बसणारी आहेत. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उपनगरांत कोयते-चाकू घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्या माजल्या आहेत. ही सगळी झोपडपट्टीतली कार्टी. अठराच्या आतल्याला कायदा हातसुद्धा लावत नाही, खूनसुद्धा माफ. नव्वदच्या दशकात एन्काउंटर झाले तेव्हाच मुंबई साफ झाली, म्हणून तसेच अधिकारी परत आणा, आताही भर रस्त्यात धिंड काढा, दोन पट्टे द्या, भीती बसेल. आणि पोलीस व रहिवासी यांच्या मोहल्ला कमिट्या म्हणजे पोलिसांचा वेळ खाणारे चहा-बिस्किटाचे कार्यक्रम, ते आधी बंद करा. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘खरे मुंबईकर असाल तर पुढे पाठवा’.

मी विक्रोळीत राहतो. कन्नमवार नगरातल्या एका मैदानावर अकरा वर्षं पोरांना कबड्डी शिकवतोय, आणि पोलीस ठाण्यातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकांनाही जातो. म्हणजे ती चहा-बिस्किटं मीही खाल्ली आहेत. मेसेजमागची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या मैदानामागच्या गल्लीत एका रीलवरून दोघांची जुंपली आणि एकाच्या दंडाला अकरा टाके पडले. दोघंही सतरा वर्षांचे. पण त्या भीतीवर मेसेजने जो इलाज सांगितलाय, तो एकेक करून बघू.

झोपडपट्टीचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार दम नाही. छोटा राजन चेंबूरच्या टिळक नगरमधला, म्हणजे नोकरदारांच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतला. सहकार टॉकीजबाहेर ब्लॅकने तिकिटं विकत वर चढला. मन्या सुर्वे कीर्ती कॉलेजचा पदवीधर. पत्ता बघून गुन्हेगार ओळखता आला असता तर पोलिसांऐवजी पोस्टमननेच शहर सांभाळलं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील, तर संध्याकाळी पोरगा नाक्यावरच येणार. नाक्यावर बसणं आणि टोळीत असणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते कुठून कुठपर्यंत आहे हे ज्याला दिसतं तोच पोलीस कामाचा.

आता एन्काउंटरचं. हा मुद्दा लोकांना मनापासून पटतो, म्हणून जरा तारखा लावून बघू. मन्या सुर्वे वडाळ्यात मारला गेला ११ जानेवारी १९८२ ला. मुंबईतला पहिला गाजलेला एन्काउंटर म्हणून तोच सांगितला जातो. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले. गोळीने धाक बसत असता, तर पुढची पंधरा-सोळा वर्षं शांततेत जायला हवी होती. झालं काय? तेच टोळ्यांचे सुगीचे दिवस ठरले. गिरणगावातल्या घरांत पगार यायचा बंद झाला आणि रिकाम्या हातांची पोरं टोळ्यांना हवी तेवढी मिळू लागली. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये लोखंडवालात टोळीवाला माया डोळस मारला गेला, आणि वर्षही उलटायच्या आत, सप्टेंबर १९९२ मध्ये, जे. जे. हॉस्पिटलमध्ये घुसून टोळीवाल्यांनी गोळीबार केला. ज्या दत्ता सामंतांनी तो संप चालवला, त्यांनाच जानेवारी १९९७ मध्ये आमच्या शेजारी पवईत भाडोत्री मारेकऱ्यांनी टिपलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टी-सिरीजचे गुलशन कुमार.

मग टोळ्या मागे हटल्या कशाने? कारणं बरीच आहेत आणि एन्काउंटर त्यांत अजिबात नव्हते असा माझा दावा नाही. पण सोन्याच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारा कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि पुढे सोनं आणण्यावरची बंधनं सैल होत गेली, तसा तस्करीतला मलिदा आटला. मोठे म्होरके परदेशी पळाले आणि आपसांत फुटले. १९९९ मध्ये टोळ्यांविरुद्धचा मोक्का कायदा आला, जामीन अवघड झाला. दगडी चाळीतल्या ‘डॅडी’ला, म्हणजे अरुण गवळीला, गोळीने थांबवलं नाही, २०१२ मध्ये नगरसेवक जामसंडेकर खून खटल्यात कोर्टाने जन्मठेप दिली. छोटा राजनला २०१५ मध्ये बालीहून आणलं आणि २०१८ मध्ये पत्रकार जे. डे यांच्या खून खटल्यात त्यालाही कोर्टानेच जन्मठेप सुनावली. उलट २००६ च्या लखनभैया प्रकरणात एन्काउंटर बनावट ठरला, २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जण दोषी ठरले, आणि त्या खटल्यात सुटलेले एन्काउंटरवाले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. ‘तसेच अधिकारी परत आणा’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा निकालही सोबत जोडावा.

आणि हे सगळं सोळा वर्षांच्या पोराला लावायचं? मेसेजमध्ये ते सरळ लिहिलेलं नाही, पण रोख तिकडेच आहे.

‘अठराच्या आत खूनसुद्धा माफ’ हे तर सरळ चुकीचं आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तसा गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केला, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, आणि तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे उभं करावं लागतं, हे खरं. पण डोंगरीच्या निरीक्षणगृहातून येऊन गेलेल्या पोराला विचारा, ‘काही होत नाही’ म्हणजे काय ते. राहिला माजण्याचा प्रश्न. २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षी देशात एकूण गुन्हे नोंदले गेले ५८ लाखांच्या वर. म्हणजे साधारण दोनशे गुन्ह्यांमागे एक. त्यातला एकही गुन्हा क्षुल्लक नाही, पण शहर बुडालं असं सांगणारा हा आकडा नाही.

मला जास्त राग येतो तो याच कायद्यातल्या ज्या कलमांचा कुणी मेसेज करत नाही त्यांच्यावरून. कलम ८३ सांगतं, लहान मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. कलम ७८ दारू आणि अमली पदार्थांची ने-आण मुलांकडून करवणाऱ्यांसाठी. आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ म्हणतं, गुन्हा करायला मुलाला कामाला लावलं तर तीन ते दहा वर्षं, आणि तो गुन्हा घडलाच तर लावणाऱ्याला तो स्वतः केल्यासारखी शिक्षा. म्हणजे भाईला पकडायची सगळी सोय कायद्यात आहे. पकडायचा भाई की पोरगा, एवढाच प्रश्न उरतो.

याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलंय. आमचा एक लेफ्ट कॉर्नर होता. सोळा वर्षांचा, दहावीत गणितात गेलेला, पण घोट्याची पकड अशी की समोरचा रेडर दोरीने बांधल्यासारखा जागेवर बसायचा. एके दिवशी तो नवे बूट घालून आला. मातीतल्या कबड्डीत बूट कोण घालतं? तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग त्याचं येणं तुटक झालं, आणि मी आपलं समजलो, क्लास लागला असेल.

लक्ष होतं ते बीटच्या हवालदारांचं. तीन वर्षं याच बीटवर होते. संध्याकाळी चौकीवरून निघाले की दहा मिनिटं मैदानाच्या कडेला मोटरसायकल लावायचे. त्यांच्या खिशातल्या डायरीच्या मागच्या पानांवर आमच्या पोरांची नावं होती, आणि नावापुढे रेडर, कॉर्नर, कव्हर असं लिहिलेलं. एकदा गाडी बंद न करताच त्यांनी विचारलं, “मास्तर, तुमचा लेफ्ट कॉर्नर पंधरा दिवस कुठाय?” मी म्हटलं, असेल कुठेतरी. ते म्हणाले, “मी सांगतो कुठाय. राखाडी ॲक्टिव्हावर.”

ॲक्टिव्हा एका स्थानिक भाईची. पोराने ती एका ठिकाणाहून उचलायची, दुसऱ्या ठिकाणी लावायची आणि चालत परत यायचं. डिकी उघडायची नाही. फेरीला पाचशे. डिकीत काय असेल हे इकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या यादीत आलं, पण गल्लीत त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

हवालदारांपुढे सोपा मार्ग होता. नाकाबंदी लावायची, पोराला मालासकट धरायचं, एक केस दाखवायची. वरिष्ठही खूश झाले असते. त्यांनी आधी साध्या कपड्यांत जाऊन पोराच्या आईला गाठलं. ती स्टेशनजवळ पोळी-भाजीची गाडी लावते. तिच्याशी काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा मैदानावर आला, अनवाणी. त्याच आठवड्यात गाडीच्या नंबरावरून मालक काढला आणि चौकीत बोलावणं गेलं ते त्या मालकाला. पुढे त्याच्यावर केस झाली. पोराचं नाव कुठेही आलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे एकट्या चांगल्या माणसाचं उदाहरण झालं. बरोबर आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. तीन वर्षं एकाच बीटवर माणूस टिकला म्हणून त्याला पंधरा दिवसांची गैरहजेरी कळली. बंदोबस्त, व्हीआयपी, दहीहंडी, गणपती, निवडणूक आणि वर बारा-बारा तासांची ड्युटी, यातून कुठल्या शिपायाला लेफ्ट कॉर्नर ओळखता येईल? देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो पोलिसांच्या तब्येतीचा विषय म्हणून छापला. मला तो आमच्या पोरांचाही विषय वाटला होता.

धिंडीबद्दल दोनच गोष्टी. अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, मग उघड करणारा कुणीही असो. दुसरं, आमच्या भागात एका विशीतल्या पोराला लंगडत चालवल्याचा व्हिडिओ फिरला, तो सगळ्यात आधी त्याच्याच पंटरांनी स्टेटसला ठेवला, खाली गाणं लावून. ज्याला अपमान करायचा होता त्याने त्याला फुकटची जाहिरात करून दिली. भीती दाखवून पोरं सुधारवण्याचा प्रयोग अमेरिकेत रीतसर झालेला आहे. सत्तरच्या दशकात न्यू जर्सीच्या तुरुंगात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेत. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर तुरुंग बघून आलेली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली होती.

राहिली मोहल्ला कमिटी. इथे मेसेजवाल्याला मी अर्धे गुण देतो. बैठकीला येतात कोण? तेच चार ज्येष्ठ नागरिक, दोन दुकानदार, नगरसेवक व्हायची हौस असलेला एक जण आणि मी. पंचविशीच्या आतलं कुणी नाही. पाऊण तास फेरीवाले आणि पार्किंग यांवर जातो. मग फोटो.

पण ही कल्पना कुठून आली ते बघा. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या होत्या. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या बसवल्या, दोन्ही समाजांची माणसं घेऊन आणि प्रत्येक कमिटीशी पोलीस कर्मचारी जोडून. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. तिनेही नुसत्या बैठका घेतल्या नाहीत. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्यात क्रिकेटचे सामने लावले. आणि २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादात जमावाने दोन पोलिसांना मारलं, हेही विसरू नये. एकदा बसवून दिलं की पिढ्यान्पिढ्या चालेल असं हे यंत्र नाही.

शिवाय त्या कमिट्या दंगलीसाठी होत्या, पोरांच्या टोळ्यांसाठी नव्हे. दंगल थांबवायला मोहल्ल्यातले वजनदार लोक लागतात. टोळीकडे निघालेल्या पोराला या लोकांचं वजन शून्य असतं. तो ऐकतो आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्याचं. म्हणून कमिटी बंद करण्यापेक्षा तिच्या खुर्च्या बदलाव्यात. बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. आमच्या बैठकीत मी विचारलं, ते कोण? पाच मिनिटं कागद चाळले गेले. नाव सापडलं, ते साहेब बंदोबस्तावर होते.

त्या हवालदारांची गेल्या वर्षीच्या बदल्यांत बदली झाली. लेफ्ट कॉर्नर आमच्याकडे चार महिने खेळला आणि मग भिवंडीच्या एका गोदामात कुरिअरच्या कामाला लागला, तिकडेच भाड्याने राहतो. नवे बीटवाले तरुण आहेत, मैदानाबाहेरून गाडीवरून जातात, अजून थांबलेले नाहीत. पुढच्या बैठकीला मी एकोणीस-वीस वर्षांच्या दोन पोरांना सोबत नेणार आहे. सीनियर साहेबांनी हो म्हटलंय. पोरांपैकी एकाने मात्र मला परत परत विचारून घेतलं, “सर, आत गेल्यावर नाव-पत्ता लिहून घेतील का?”