हमखास निकालाचा प्रयोग कसा आखावा

मानसशास्त्रात प्रयोग करायचा आणि निकाल काय लागतो याची वाट बघत बसायचं, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. निकाल आपण ठरवायचा असतो. आखणी असते ती त्याची सोय लावायला.

गट पाडताना यादृच्छिक (म्हणजे नशिबावर सोडलेले) क्रमांक, बंद पाकिटं असले उपद्व्याप नकोत. सकाळी ताजेतवाने येतील ते प्रायोगिक गटात, म्हणजे ज्यांना प्रशिक्षण द्यायचं त्यांच्यात; जेवणानंतर पेंगत येतील ते नियंत्रित गटात, म्हणजे निव्वळ तुलनेसाठी ठेवलेल्यांत. तुमच्या प्रशिक्षणाने स्मरणशक्ती सुधारलीच म्हणून समजा. नियंत्रित गटाचाच कंटाळा असेल तर चिंतेच्या चाचणीत सर्वांत जास्त गुण पडलेले तेवढे निवडा, त्यांना आठवडाभर रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसवा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. टोकाचे गुण दुसऱ्या खेपेला सरासरीकडे सरकतातच. श्रेय डोळे मिटण्याला द्या.

एकाच माणसाकडून दोन्ही अटी (म्हणजे तुलना करायच्या दोन्ही परिस्थिती) करून घेणार असाल तर क्रम आलटूनपालटून ठेवायच्या फंदात पडू नका. साधी अट आधी, लाडकी अट नंतर. सरावाचा फायदा आपसूक लाडकीच्या पदरात पडतो. (काम कंटाळवाणं असेल तर उलट करा, दुसऱ्या खेपेला माणूस थकतो.)

कोण कुठल्या गटात आहे हे सूचना देणाऱ्याला नीट माहीत असू द्या. रोझेंथाल आणि फोड यांनी १९६३ साली विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले, काहींना ‘हुशार’ म्हणून, काहींना ‘मठ्ठ’ म्हणून. ‘हुशार’ उंदीर खरोखरच लवकर शिकले! उंदरांना कळतं, तर माणसांना सूचना वाचताना डोलावलेली मान का कळणार नाही?

आता नमुना, म्हणजे प्रयोगात घ्यायची माणसं. मध्यम परिणाम, म्हणजे कोहेनचा डी (दोन गटांतला फरक किती मोठा, याचं माप) ०.५, ८० टक्के शक्तीने (म्हणजे शंभरातून ऐंशी वेळा हाती लागेल असा) पकडायला दर गटात ६४ माणसं लागतात. तुम्ही २० घ्या. शक्ती तिसऱ्या हिश्शावर येईल, पण त्यातली गंमत बघा: २०-२० च्या गटांत सार्थक (म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असं मानण्याजोगा) ठरायला डी निदान ०.६४ दिसावाच लागतो. म्हणजे खरा परिणाम ०.५ असला तरी छापून येणारा आकडा फुगलेलाच. छोट्या नमुन्याइतका उदार कोणी नाही.

आणि तरीही पी (मुळात परिणाम नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; सार्थक ठरायला ती ०.०५ च्या खाली हवी) ०.०५ च्या वर अडकला तर? दर गटात आणखी थोडी माणसं घ्या, पुन्हा बघा. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ मध्ये याचा हिशोब मांडला. दर गटात दहापासून सुरुवात करून प्रत्येक वाढीव माणसागणिक पी बघत पन्नासपर्यंत गेलं, तर मुळात काहीच परिणाम नसताना २२ टक्के वेळा ‘शोध’ लागतो. नियमाने तो ५ टक्केच लागायला हवा. जोडीला दोन परतंत्र चल (म्हणजे परिणाम मोजायची दोन मापं) मोजा, वाटलं तर लिंगानुसार फोडून बघा, नडणारी एखादी अट गाळा. सगळं एकत्र केलं की आकडा जातो ६०.७ टक्क्यांवर. नाणं उडवण्यापेक्षा बरंच की!

मग गृहीतक लिहा. हो, मग. जे आलं तेच अपेक्षित होतं, असं प्रस्तावनेत ठणकावून सांगा. गाळलेल्या अटीचा उल्लेख नको, जागा कमी असते.

आखणी आधीच तपासून, माहिती गोळा होण्यापूर्वीच लेख स्वीकारणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. तिथे ‘काहीच फरक आढळला नाही’ हेसुद्धा छापतात, मग एवढे कष्ट कशाला? पुनरावृत्ती करू पाहणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के. तुमच्याकडे कोणी कच्ची माहिती मागितलीच, तर जुना लॅपटॉप बिघडल्याचं कळवा आणि त्यांच्या प्रयोगशाळेचं वातावरण वेगळं असावं, अशी शंका नम्रपणे नोंदवा.