'प्लँटमधला माणूस विकणार काय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महाशय,

प्रॉडक्शनमधून सेल्समध्ये जाण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. लगेच लिहिलं असतं तर उत्तर फार कडू झालं असतं, म्हणून थांबलो. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो: 'प्लँटमधला माणूस गिऱ्हाइकाला कारणं सांगायला शिकलेला असतो, विकायला नाही. लेखकाला साहेबांच्या मेहेरबानीने खुर्ची मिळाली. व्हेरिएबल पे, पेमेंटची वसुली, चाळिशीनंतरची बदली यावर अवाक्षर नाही. नव्या मुलांची दिशाभूल थांबवा.'

मतभेदाला माझी ना नाही. पण मेहेरबानी? तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठे काम केलं हे तुम्हाला ठाऊक नाही. भोसरीत मशीन शॉपला नाइट शिफ्ट केल्यात मी. पुढे पीपीसीत, म्हणजे उत्पादनाच्या नियोजनात, असताना महिनाअखेरीला शेवटचा ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत डबा उघडला नाही, असे कितीतरी दिवस काढलेत. दुसऱ्याच्या कष्टाबद्दल असं बेधडक लिहायचं, तर खाली स्वतःचं नाव घालायची तयारी हवी.

व्हेरिएबल पेचं मान्य. पगाराचा काही भाग टार्गेटला बांधला जातो. घराचे हप्ते चालू असलेल्याने तो किती, हे बदली घेण्याआधी विचारून घ्यावं. लेखात एक ओळ त्यावर यायला हवी होती.

आता 'कारणं सांगायला शिकलेला'. हे वाक्य मला लागलंय, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

एका पार्टला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) चार मिनिटं लागतात असं धरा. आठ तासांच्या शिफ्टमध्ये कागदावर 120 नग निघतात. जेवण, टूल बदलणं, तपासणी हे सगळं धरून 85 टक्के पकडले, तर 102. हा हिशोब डोक्यात असलेला माणूस चाकणला परचेसवाल्यासमोर बसून 'सोमवारपर्यंत दोनशे जास्त देतो' असं बोलून येत नाही. अशाने ऑर्डर जाते, असं तुम्हाला वाटतं. मी उलटं पाहिलंय. शब्द देऊन माल पोचला नाही आणि गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन थांबली, की डेबिट नोट येते, म्हणजे त्यांचं नुकसान तुमच्या बिलातून कापलं जातं, आणि पुढच्या आरएफक्यूच्या (कोटेशन मागवण्याच्या) यादीत तुम्ही नसता.

दुसरी गोष्ट भावाची. एका हाउसिंगवर (आतले भाग सामावणाऱ्या कवचावर) आमच्याकडे पाच टक्के कपात मागितली होती. घासाघीस करून तीनवर आणता आलं असतं. मी ड्रॉइंग काढून बसलो. एका फेसला (पृष्ठभागाला) आरए 1.6 फिनिश मागितलेला (हा आकडा जितका कमी, तितका पृष्ठभाग गुळगुळीत), आणि तो फेस असेंब्लीत कशालाच टेकत नव्हता. केवळ त्याच्यासाठी फिनिशिंगचा एक जादा पास चालला होता. त्यांच्या डिझाइनवाल्याला गाठलं, 3.2 चालेल का विचारलं. ड्रॉइंगची रिव्हिजन, नवे नमुने, पुन्हा पीपीएपी (गिऱ्हाइकाकडून पार्टची मंजुरी), यात बराच काळ गेला, परचेसवाले वैतागलेही. पण सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, उतरला, त्यांना हवा तो भाव मिळाला आणि आमचं मार्जिन शाबूत राहिलं. तो फेस माझ्या नजरेत भरला, कारण तो पार्ट मी मशीनवर चालताना रोज पाहिला होता. याला विकणं म्हणायचं नसेल तर तुमची आणि माझी चर्चाच होऊ शकत नाही.

वसुलीचं म्हणाल, तर ती सेल्समध्येच वाढलेल्यालाही चुकत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत हा कायदा 2006 चा आहे. तरी फोन करावेच लागतात. त्यात प्लँटवाल्याचं वेगळं दुखणं कोणतं? चाळिशीचा मुद्दा माझ्या लेखाचा विषय नव्हता.

राहिली दिशाभूल. मी मुलांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: बदलीचा अर्ज करण्याआधी सेल्सवाल्याबरोबर गिऱ्हाइकाच्या लाइनवर जाऊन या, आणि रिजेक्शनची तक्रार आली की 8डी रिपोर्ट (दोषाचं मूळ आणि त्यावरचा उपाय मांडणारा) स्वतः त्यांच्यापुढे मांडा. यातलं कोणतं चुकीचं आहे ते दाखवा. शॉप फ्लोअरवर तुम्ही स्वतः किती वर्षं काढलीत, तेही सोबत लिहा. मग पुढचं बोलू.