जोईने आवीए

आमच्या घरात सध्या चौदा सुगंधी मेणबत्त्या आहेत. त्यातली एकही मी पेटवायला म्हणून घेतलेली नाही. चौदाच्या चौदा मी दुकानातून बाहेर पडता यावं म्हणून घेतल्या आहेत.

मला देखण्या, चिमुकल्या दुकानांचा नाद आहे. कपड्यांच्या नव्हे, घर सजवायच्या वस्तूंच्या. आमच्या बडोद्यात अलकापुरीतल्या जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, जुन्या पादरा रोडवर दातांच्या दवाखान्याच्या वरती, अशी दुकानं मला न शोधता सापडतात. पाटी तळहाताएवढी. दार लोटलं की वरची पितळी घंटा किणकिणते आणि तिथेच माझा घात होतो. कारण आपण आल्याची वर्दी गेलेली असते, आत दुसरं गिऱ्हाईक नसतं, आणि मालकीणबाई हसून म्हणतात, "आवो आवो, निरांते जुओ."

निवांत कसलं बघतो! वस्तूच्या पोटाखाली चिकटवलेली किंमत तिला उलटं न करता कशी वाचावी, या विवंचनेतच माझा अर्धा तास जातो.

मंगळ बाजारात ही भानगड नाही. न्यायमंदिरासमोरच्या त्या गर्दीत तुम्ही आलात काय नि गेलात काय! फार वेळ वस्तू चिवडत राहिलात तर दुकानदार स्वच्छ सांगतो, "लेवुं होय तो लो, नहीं तो चालता थाव." अपमान होतो, पण पैसे वाचतात. देखण्या दुकानात अपमान होत नाही. पाणी येतं, त्यात पुदिन्याचं पान तरंगत असतं. त्या पानाची किंमत मी आजवर हजारांत मोजली आहे.

पाण्यानंतर गोष्ट येते. मागे एकदा अजरखचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाचा, उशीचा अभ्रा मी नुसता बोटानं चाचपला. झालं! बाई सांगू लागल्या: कच्छमध्ये धमडका नावाचं गाव, तिथले खत्री कारागीर, नीळ नि मंजिष्ठा, ठसे उठवायचे, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा ठसे. मग 2001चा भूकंप. त्यानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, तेव्हा या लोकांनी चांगलं पाणी बघून अजरखपूर नावाचं नवं गावच वसवलं. आता मला सांगा, एका अभ्र्यामागे सबंध गाव उठून दुसरीकडे गेलंय हे ऐकल्यावर "जरा महाग वाटतो" हे शब्द कोणत्या तोंडानं काढायचे? मी दोन घेतले. एक घेतला असता तर भूकंपाचा अपमान झाला असता.

जिथे गोष्ट नसते तिथे मी दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू शोधतो. ती बहुतेक मेणबत्ती असते.

आमची ही दांडियाबाजारात वाढलेली. तिला दुकानात शिरणं आणि निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मुळी ठाऊक नाही. ती शिरते, सगळं उचकते, "छेल्लो भाव बोलो", शेवटचा भाव सांगा, म्हणते, नाक मुरडते आणि चालू लागते. मंगळ बाजारात सातव्या पावलाला मागून "अरे बेन, सांभळो तो!" ऐकू येतं असा तिचा हिशेब आहे. मी एकदा तसं करून बघितलं. सात पावलं मोजली, अकरा मोजली, पंधराव्या पावलाला लहरीपुरा दरवाजा आला. कुणी हाक मारली नाही. उलट दुकानदारालाच वाईट वाटलं असेल म्हणून मी परत जाऊन त्याच भावानं ती परडी घेतली.

फुलांचं तसंच. बायकोची फुलं खंडेराव मार्केटातली. 1906 साली सयाजीराव महाराजांनी बांधलेली ही राजवाड्यासारखी वास्तू, आणि तिच्या मागच्या बाजारात गलगोट्यांचे, म्हणजे आपल्या झेंडूचे ढीग. तिथे फूल तागडीत पडतं. मी मात्र गेल्या महिन्यात एका फुलवाल्या दुकानात सापडलो. तिथे फुलं तोलत नाहीत, एकेका दांडीची ओळख करून देतात. कोपऱ्यात पिंपात वाळलेले, पिसासारखे तुरे होते. 'पंपास' म्हणे. दांडीला दीडशे रुपये. पाच घेतल्या.

"अहो, हे कास आहे," ही म्हणाली. "पाऊस सरला की विश्वामित्री नदीच्या काठी हे असलंच फुकट उगवतं."

फुकट उगवतं हे खरं. पण त्याच काठावर मगरीही उगवतात. 2024च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या लोकांच्या अंगणापर्यंत येऊन गेल्या, म्हणजे पाहुणचाराची परतफेड आमच्याकडे बाकी आहेच. दीडशे रुपयांत पाय शाबूत राहत असतील तर सौदा वाईट नाही, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे नव्हे, मेणबत्त्यांच्या कपाटाकडे बघितलं.

मला वळण लावायचं म्हणून ती मग मला थेट संखेड्याला घेऊन गेली. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. "दुकान नाही, घंटा नाही, पुदिना नाही. कारागिराकडून चौरंग घ्यायचा आणि यायचं." चौरंगाचा भाव ती करत होती तोवर मी खरादापाशी, लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रापाशी, उभा राहिलो. सागाचा ठोकळा गरगर फिरत होता आणि त्यावर लाखेची कांडी टेकली की रंग चढत होता. ती सोनेरी नक्षी सोन्याची नसते, कथलाची असते. वर लाख बसली की तिला सोन्याची झळाळी येते. म्हातारबुवांनी हे सगळं मला वीस मिनिटं, हातातलं काम दाखवत सांगितलं. मग खराद थांबला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दांडियांच्या चार जोड्या घेतल्या. माझ्या गुडघ्यांनी गरबा सोडून नऊ वर्षं झालीत.

परतीच्या बसमध्ये तिनं मला मंत्र दिला. "'जोईने आवीए' म्हणायचं. जरा बघून येतो. हसायचं आणि निघायचं. बस." बडोदा येईपर्यंत तिनं तो माझ्याकडून घोकून घेतला.

पुढच्याच शनिवारी जुन्या पादरा रोडवर एक नवं दुकान सापडलं. घंटा वाजली, पाणी आलं, पान होतंच. निळ्या मातीची एक फुलदाणी मी उचलली, किंमत वाचली, हळूच खाली ठेवली. छातीत धडधडत होतं. "जोईने आवीए," मी म्हणालो. बाई हसल्या, "चोक्कस, पधारजो." नक्की या. आणि मी बाहेर! रिकामे हात! रस्त्यावर उभं राहून मी दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले.

घरी येऊन सांगितलं तर हिनं चहात आलं जास्त घातलं.

रात्री मात्र झोप येईना. बघून येतो म्हणालो होतो. बाई "पधारजो" म्हणाल्या होत्या. उद्या रविवार, बिचाऱ्या दाराकडे बघत बसतील.

"अहो, ते म्हणायचं असतं," ही अंधारात म्हणाली, "करायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी अकराला मी तिथे हजर. घंटा वाजली, बाईंनी वर बघितलं आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. जोईने आवीए म्हणून गेलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे आजवर परत आलंच नव्हतं. त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी आपणहून दहा टक्के सूट दिली. म्हणून मग मी दोन घेतल्या.